दोन लाइनींचं घर

आमच्या घरी इंटरनेटच्या दोन लाइन आहेत. हे सांगितलं की समोरचा आधी इम्प्रेस होतो आणि मग विचारतो, 'मग तुझा व्हिडिओ कॉल सारखा का गंडतो गं?' दोन वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. नेट आहे ते, जायचंच कधीतरी. काय करणार!

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री मला खरं उत्तर सापडलं. ते कळल्यावर मी आधी लिनक्सवर चिडले, मग नवऱ्यावर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. आता तिघांशीही बोलणं सुरू आहे. म्हणून लिहितेय.

आधी थोडा सीन सांगते. कर्वेनगरमधला टू बीएचके. नवरा आयटीत, त्याचा क्लायंट अमेरिकेत, आठवड्यातले तीन दिवस काम घरून. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे आठवड्यातले सातही दिवस काम घरून. फक्त माझ्या कामाला 'घरून काम' न म्हणता लोक 'घरीच असते' म्हणतात! पहिली लाइन फायबरची. वेगवान, बिल नवऱ्याचं ऑफिस भरतं. दुसरी एरियातल्या केबलवाल्याची. स्वस्त आणि मस्त, बिल आम्ही भरतो. या दोन्ही लाइन टीव्हीच्या कपाटाखालच्या एका जुन्या डेस्कटॉपमध्ये शिरतात. त्यावर लिनक्स आहे. आम्ही त्याला 'डबा' म्हणतो. २०२३च्या जूनमध्ये, मी चॅनेलची नोकरी सोडली त्याच महिन्यात, नवऱ्याने एका वीकेंडला बसून तो सेट केला होता. घरातलं कुठलं मशीन कुठल्या लाइनवरून बाहेर जाणार, हे डबा ठरवतो.

वॉचमन आणि सर्व्हिस लिफ्ट

साध्या राऊटरचं डोकं एसटीच्या कंडक्टरसारखं चालतं. तो एकच प्रश्न विचारतो, 'कुठं जायचंय?' तुम्ही कोण, कुणाकडून आलात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरचा जाण्याचा पत्ता बघायचा, रस्त्यांच्या यादीत शोधायचा आणि पुढे ढकलायचं. या यादीला म्हणतात राउटिंग टेबल.

पण लाइन दोन असल्या की एवढ्याने भागत नाही. तेव्हा येतं पॉलिसी राउटिंग. ते आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे. तो आधी माणूस बघतो. पाहुणे? मेन लिफ्ट. कुरिअरवाला? सर्व्हिस लिफ्ट. जायचं दोघांनाही सातव्या मजल्यावरच असतं, पण कुणी कुठून जायचं ते तुम्ही कोण आहात त्यावर ठरतं. लिनक्समध्ये ही सोय १९९९च्या २.२ कर्नेलपासून आहे. एकाऐवजी अनेक टेबलं ठेवता येतात आणि कुणासाठी कुठलं टेबल बघायचं याचे नियम लिहिता येतात. नियमांना नंबर असतात. लहान नंबरचा नियम आधी तपासला जातो.

मला हे सगळं त्या गुरुवारच्या आधी माहीत होतं का? छे! मला एकच गोष्ट माहीत होती. नेट गेलं की डबा रीस्टार्ट करायचा. पाच मिनिटांत येतं.

साडेतीनची मुलाखत

त्या गुरुवारी दुपारी साडेतीनला माझी एका फेलोशिपची मुलाखत होती. विषय होता पीसरेटवर घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका. आठ महिने मी त्यावर काम करत होते, स्वतःच्या खर्चाने. फेलोशिप मिळाली असती तर पुढचं वर्षभर 'या महिन्यात किती चेक येणार' हे गणित करावं लागलं नसतं.

नवरा त्या आठवड्यात बंगळुरूला होता. तीन वाजता मी पूजा केल्यासारखा डबा रीस्टार्ट केला. हॉल आवरला, कुर्ता घातला (खाली घरातलीच पायजमा, हे आपल्यातच राहू दे). साडेतीनला तीन परीक्षक स्क्रीनवर आले. छान सुरुवात झाली. मी सांगत होते की या बायकांना घरातलेही कामगार समजत नाहीत, आणि त्याच वाक्याच्या मध्यावर दिवे एकदा लुकलुकले. इन्व्हर्टरने लगेच सांभाळलं. डबा चालू, लॅपटॉप चालू, पंखा चालू. पण समोरच्या परीक्षक बाई जागच्या जागी गोठल्या!

नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला, स्वतःच्या लॅपटॉपवरून घरच्या डब्यात शिरला आणि म्हणाला, "अगं, नेट चालू आहे. डब्यावरून पिंग जातंय. माझ्याकडून सगळं ग्रीन दिसतंय. तुझा लॅपटॉप बघ बरं."

लॅपटॉप बघायला वेळ कुणाला होता? आमच्या घरात मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी धड मिळते, ड्राय बाल्कनीत. उरलेली मुलाखत मी तिथे उभी राहून फोनवर दिली. वॉशिंग मशीनवर एक हात, दोरीवरच्या टॉवेलखाली डोकं. परीक्षक फार सभ्य होते. 'डोंट वरी, इट हॅपन्स' म्हणाले. त्यांचा सभ्यपणा मला जास्त लागला.

आज रीस्टार्ट नाही

रात्री खिचडी खाऊन मी डब्यासमोर जमिनीवर बसले आणि ठरवलं, आज रीस्टार्ट करायचं नाही. रीस्टार्ट केलं की नेट येतं, पण ते का गेलं होतं याचा पुरावाही पुसला जातो. मास कॉममध्ये आम्हाला शिकवलं होतं, घटनास्थळी जा, कुणी सांगितलंय त्यावर जाऊ नका. नवऱ्याने 'नेट चालू आहे' असं सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण कुणासाठी चालू?

पहिला संशयित, माझा लॅपटॉप. माझा फोन घरच्या वायफायला जोडला. तोही बंद. लॅपटॉप निर्दोष.

दुसरा संशयित, केबलवाले दादा. (त्यांच्यावर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं.) डब्यावरून मुद्दाम केबलच्याच कार्डातून पिंग पाठवलं. उत्तर आलं! लाइन ठणठणीत. दादांची मनातल्या मनात माफी मागितली.

तिसरा संशयित, आरपी फिल्टर. दोन लाइनींच्या गोंधळात सगळेजण आधी याच्याकडे बोट दाखवतात. एखादं पॅकेट ज्या दारातून आत आलं, त्याचं उत्तर कर्नेलच्या हिशेबाने त्याच दारातून जाणार नसेल, तर हा कडक रखवालदार ते पॅकेट गुपचूप फेकून देतो. त्याची किंमत १ वरून २ केली, म्हणजे त्याला जरा सैल सोडलं. काही फरक नाही. परत १ केली. एक लक्षात ठेवा, ज्या बदलाने फरक पडत नाही तो मागे घ्यायचा. नाहीतर सकाळी मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हेच कळत नाही.

मग वापरलं टीसीपीडंप. एखाद्या दारातून काय येतं-जातं ते उघड्या डोळ्यांनी बघायचं हे हत्यार. केबलच्या कार्डावर लावलं आणि लॅपटॉपवर एक पान उघडायला सांगितलं. स्क्रीन कोरी. माझं एकही पॅकेट तिथून जात नव्हतं. मग सहज म्हणून फायबरच्या कार्डावर लावलं, आणि ओळींचा पाऊस! माझी सगळी पॅकेट्स ऑफिसच्या लाइनवरून बाहेर चालली होती. आणि त्यांच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता १९२.१६८.१०.३५.

हा माझ्या लॅपटॉपचा घरातला पत्ता. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरात आहेत, माझ्या घरात आहेत, शेजारच्या कॅफेतही असतील. बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही. म्हणून पॅकेट उंबरठा ओलांडताना डब्याने त्यावरचा घरातला पत्ता खोडून त्या लाइनवरचा स्वतःचा पत्ता घालायचा असतो. इथे तो घातलाच जात नव्हता. म्हणजे मी दिवसभर पत्रं टाकत होते आणि पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'हॉलमधलं टेबल'. उत्तर येणार कुठून?

पाच ओळी

आता दोन प्रश्न होते. मी ऑफिसच्या लाइनवर गेलेच कशी? आणि तिथे माझा पत्ता का बदलत नाही?

मी टाइप केलं, आयपी रूल शो. पाच ओळी आल्या. सगळ्यात वर ०, लोकल, म्हणजे डब्याचे स्वतःचे पत्ते. सगळ्यात खाली ३२७६६ मेन आणि ३२७६७ डिफॉल्ट. या तीन ओळी प्रत्येक लिनक्सवर मुळातच असतात. मधल्या दोन ओळी नवऱ्याने लिहिलेल्या होत्या.

१००: १९२.१६८.१०.२० कडून आलेलं सगळं 'ऑफिस' टेबलात बघा.
२००: घरातल्या बाकी सगळ्यांकडून आलेलं 'घर' टेबलात बघा.

१०.२० म्हणजे नवऱ्याचा लॅपटॉप. मग 'घर' टेबल उघडलं. रिकामं! एकही रस्ता नाही. आणि इथे लिनक्सचा एक स्वभाव कळला. नियमाने दाखवलेल्या टेबलात रस्ता सापडला नाही तर लिनक्स ओरडत नाही. मुकाट्याने पुढच्या नियमाकडे जातं. पुढचा नियम मेन. मेनमध्ये बाहेर जायचे दोन रस्ते होते, फायबरचा १०० किमतीचा आणि केबलचा १०१ किमतीचा. कमी किमतीचा जिंकतो. म्हणून मी फायबरवर. आणि त्या लाइनवर पत्ता बदलण्याची सोय फक्त नवऱ्याच्या लॅपटॉपपुरती लिहिलेली. झालं!

पण 'घर' टेबल रिकामं केलं कुणी? लॉग उघडला. दुपारी ३.४१ला केबलचं कार्ड बंद, ३.४२ला चालू. दिवे लुकलुकले ती वेळ. कपाटामागे हात घालून बघितलं. डबा आणि फायबरचा मोडेम इन्व्हर्टरच्या पॉइंटवर. केबलचा मोडेम साध्या पॉइंटवर. दिवे लुकलुकले की तो बंद पडणार, त्याबरोबर नेटवर्क मॅनेजर त्या कार्डाचा पत्ता काढून घेणार, आणि पत्त्याबरोबर त्या कार्डावरून जाणारे रस्ते सगळ्या टेबलांतून पुसले जाणार. मोडेम परत सुरू झाला की मेनमधला रस्ता आपोआप भरला जातो. 'घर'मधला भरायला कुणी नव्हतं. तो फक्त डबा रीस्टार्ट झाल्यावर नवऱ्याच्या स्क्रिप्टमधून भरला जायचा.

म्हणून रीस्टार्टने नेट यायचं. म्हणून नवऱ्याला सगळं ग्रीन दिसायचं, कारण त्याचं पिंग डब्यातूनच निघायचं, म्हणजे मेनमधून, म्हणजे फायबरवरून. माझ्या जागेवरून त्याने कधी बघितलंच नव्हतं.

मी एका ओळीत 'घर' टेबलात केबलचा रस्ता परत घातला. पान उघडलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मला खरं तर नाचायला हवं होतं. पण मी त्या दोन ओळींकडेच बघत बसले. १०० नंबरला तो एकटा. २०० नंबरला मी, सासूबाईंचा टॅब, टीव्ही आणि बेडरूममधला वायफायवाला बल्ब. मी आणि बल्ब एकाच रांगेत! आणि तो १०.२० नंबरचा लॅपटॉप पूर्ण आठवडा बंगळुरूला. मेन लिफ्ट रिकामी उभी, आणि मी ड्राय बाल्कनीत.

तेव्हा तुझं काही फिक्स नव्हतं ना

फोन लावला.

"अरे, केबलची लाइन पडली की 'घर' टेबल रिकामं होतंय."

"तू टेबल उघडून बघितलंस?"

"हो. रूल्सपण बघितले. तू 'ऑफिस'मध्ये आणि मी बल्बबरोबर."

तो हसला. मी हसले नाही, तसा तो थांबला. "अगं, ती लाइन फक्त ऑफिसच्या लॅपटॉपसाठी वापरीन असं मी लिहून दिलंय. म्हणून तसं केलं."

"ते मान्य आहे. पण इन्व्हर्टर? तोही ऑफिसने दिलाय का?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच, "तेव्हा तुझं काही फिक्स नव्हतं ना. म्हणजे, तू ब्रेक घेतला होतास."

चिडायला हे वाक्य पुरेसं होतं. मी चिडलेही. पण फोन ठेवल्यावर आठवलं, 'ब्रेक' हा शब्द माझाच. नोकरी सोडली तेव्हा आई-बाबांना, सासूबाईंना, सगळ्यांना मीच सांगत होते, 'थोडा ब्रेक घेतेय'. फ्रीलान्सिंग करणार असं छातीठोक सांगायची भीती वाटायची. पुढे कामं येत गेली, चेक येत गेले, पण 'ब्रेक संपला' असं मी कुणालाच सांगितलं नाही. डब्याला तरी कोण सांगणार? त्याच्याकडे २०२३चे नियम होते आणि तो ते इमानदारीत पाळत होता. दोन वर्षांत मी शंभरदा रीस्टार्ट केलं, पण नियम काय आहेत असं एकदाही विचारलं नाही.

नवरा शनिवारी आला. रविवारी आम्ही दोघं कपाटाखाली बसलो. इलेक्ट्रिशियनने केबलच्या मोडेमला इन्व्हर्टरचा पॉइंट दिला. त्या एका पॉइंटने अर्धा प्रॉब्लेम संपला! मग मी सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. केबलचं कार्ड परत चालू झालं की नेटवर्क मॅनेजर ती आपोआप चालवतो आणि टेबलात रस्ता भरला जातो. केबलच्या लाइनचा प्लॅन वाढवला. त्याचं बिल आता माझ्या कामाच्या खर्चात लिहिते. टेबलांची नावं बदलली. 'ऑफिस' आणि 'घर' काढून 'फायबर' आणि 'केबल' ठेवली. ऑफिस काय, दोघांचंही आहे.

आणि आणखी एक ओळ घातली, माझी सगळ्यात आवडती. 'केबल' टेबलाच्या शेवटी 'अनरीचेबल' नावाचा एक रस्ता ठेवला. याला कुठलंच कार्ड लागत नाही, त्यामुळे लाइन पडली तरी तो पुसला जात नाही. खरा रस्ता गेला की डबा मला मुकाट्याने भलतीकडे न पाठवता तिथल्या तिथे सांगतो, 'जाता येत नाही.' स्पष्ट नकार मिळाला की माणूस निदान दुसरी सोय बघतो. टेबलाखालीच नाही, टेबलावरही हा नियम आम्ही हल्ली पाळायचा प्रयत्न करतो.

फेलोशिप मिळाली नाही. त्याचं खापर मी राउटिंगवर फोडणार नाही. माझ्यापेक्षा चांगले अर्ज असतील. पण शिवणकामवाल्या बायकांवरची माझी स्टोरी दोन महिन्यांपूर्वी छापून आली. तिच्या शेवटच्या तीन मुलाखती मी हॉलमध्ये खुर्चीवर बसून केल्या. मध्ये दोनदा दिवे लुकलुकले. समोरच्या व्यक्तीला कळलंही नाही.

आणि मागच्या महिन्याची गंमत. रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली. बेडरूममधून हाक आली, "नेट गेलं का गं?"

"तुझं गेलं असेल. माझं चालू आहे."

दोन मिनिटांनी स्वारी दारात. "क्लायंटचा कॉल आहे. मला तुझ्या लाइनवर घे ना."

मी एक ओळ लिहिली. ९०: १९२.१६८.१०.२० कडून आलेलं सगळं 'केबल' टेबलात बघा. १००च्या आधीचा नंबर, म्हणून आधी लागू. त्याचा कॉल झाला. रात्री फायबर आल्यावर ती ओळ मी आठवणीने काढली. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी विचारलं असतं, हा नियम इथे का आहे?